न सांगितलेले वाटण

लिहिणे हे माझे काम नव्हे, आणि या वयात ते माझे असल्यासारखा आव आणीत असल्याबद्दल मी वाचकांची आधीच क्षमा मागतो. नोकरीची सारी वर्षे मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. इतरांनी लिहिलेल्या पुस्तकांवर क्रमांक चिकटवणे, ती कपाटात योग्य जागी उभी करणे आणि कोणी मागितलीच तर हळू आवाजात पुढे सरकवणे, एवढेच माझे साहित्याशी नाते. वाचनकक्षात मुले मोठ्याने बोलू लागली की मी टेबलावर बोटाने टकटक करीत असे. ‘शांत बसा’ असे दोन शब्दही माझ्या तोंडून कधी फुटले नाहीत. अशा माणसाने स्वतःच्या खाण्यापिण्याविषयी पाने भरावीत आणि ती कोणी वाचावीत अशी आशा धरावी, याचा संकोच ही ओळ लिहितानाही वाटतो आहे. तरी लिहितो, कारण आमच्या घरात सध्या एक प्रश्न अडून बसला आहे आणि घरातल्या सर्वांनी त्याचा निकाल माझ्या विरुद्ध दिलेला आहे. मला बाहेरच्या माणसाचे मत हवे आहे.

हे लेखन प्रकृतीविषयी आहे आणि सूडाविषयीही. माझ्या बाबतीत या दोन गोष्टी मला वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

निवृत्त झालो त्याच वर्षी केलेल्या तपासणीत रक्तातील साखर आणि चरबी दोन्ही वाढलेली निघाली. आमचे डॉक्टर तरुण आहेत आणि मला काका म्हणतात. त्यांनी समजावून सांगितले की मटण कमी करत करत बंद करा, ताटात डाळी, उसळी, पालेभाज्या वाढवा, घाई करू नका पण मागेही फिरू नका. नाहीतर लवकरच पोटात सुई टोचून घ्यावी लागेल. सुईचे नाव निघताच मी सर्व काही कबूल केले.

सोलापूर भागात मटण सोडण्याची एक रीत आहे. माणूस ताट पुढे करतो आणि म्हणतो, “पीस नको, नुसता रस्सा द्या.” नुसता रस्सा म्हणजे मटण नव्हे, ही इथल्या माणसाची अगदी प्रामाणिक समजूत आहे. वर बोटभर तेलाची लाल तर्री, तीत कुस्करलेल्या दोन भाकरी, कपाळावर घाम, आणि एवढे सगळे झाल्यावर हात धुताना मनात समाधान की आपण सोडले! मीही असेच सोडले. कित्येक महिने बुधवारी आणि रविवारी मी निष्ठेने सोडत राहिलो. पुढच्या तपासणीत आकडे जागचे हलले नव्हते. डॉक्टर चक्रावले.

“काका, मटण नक्की सोडलंय ना?”

“सोडले आहे.”

“मग रविवारी काय असतं जेवणात?”

“नुसता रस्सा.”

त्यांनी पेन खाली ठेवले आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. “म्हणजे बोकडाला गरम पाण्यानं आंघोळ घालायची, बोकड बाजूला ठेवायचं, आणि पाणी पिऊन टाकायचं. काका, आमच्या घरी वडिलांनीही असंच सोडलंय.”

त्या दिवशी मी रस्साही सोडला. मनात काही थोर विचार नव्हते, सुईची भीती होती. ती पुरेशी ठरली असती की नाही, हे मला ठाऊक नाही. कारण पंधरवड्यातच आखाडाचे बोलावणे आले आणि भीतीपेक्षा कितीतरी टिकाऊ असे काहीतरी माझ्या हाती लागले.

माझ्या पत्नीचे माहेर मोहोळकडच्या एका गावी आहे. आषाढात, श्रावण लागण्याच्या आधी, तिथे लेकी-जावयांना मटणाच्या जेवणाला बोलावतात. त्यालाच आखाड म्हणतात. सारा कारभार माझ्या मेहुण्याचा, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाचा. धिप्पाड देह, भरघोस मिशी आणि बांधावरून बोलला तर पलीकडच्या शिवारात ऐकू जाईल असा आवाज. लग्न झाल्यापासून तो माझी चेष्टा करीत आला आहे आणि मी हसून घेत आलो आहे. अंगणातल्या चुलीवर मटण पुरुषच शिजवतात. पहिल्या पंगतीत पहिले ताट जावयाचे, आणि त्या ताटात मज्जेने भरलेली नळी वाढायची, हा तिथला मान. इतकी वर्षे ती नळी मला मिळत आली होती.

मी आदल्या दिवशीच पत्नीकरवी निरोप दिला होता की यंदा मला रस्साही वाढू नये. पंगत बसली. अंगणात चांगली तीस-चाळीस माणसे होती. मेहुणा दोन्ही हातांत ताट धरून, वर फडके झाकून, मिरवत मिरवत आला. ताट माझ्यापुढे ठेवले आणि फडके उचलले. ताटात हिरव्या कडवळाची पेंढी होती. गोठ्यातल्या जनावरांपुढे टाकतात तो ज्वारीचा ओला चारा. बांधलेला, पाणी शिंपडलेला.

“घ्या दाजी! डॉक्टरनं शेळी सोडा म्हनलं, तर तुमी शेळीचा घासच धरला की वो! पोटभर खावा. लाजू नगा. मागं आनी दोन पेंढ्या ठिवल्यात.”

अंगण हसले. माझ्या शेजारी बसलेले एक वयस्क चुलत सासरे मान वाकडी करून म्हणाले, “दोन्ही येळचं मिळून किती लिटर देत्यात रं जावई?”

“आक्काला इचारा की! धार तीच काढती!”

मग हशाला धरबंध राहिला नाही. पोरे लोळली. स्त्रिया दारात उभ्या होत्या. त्यांत माझी पत्नीही होती आणि तिने तोंडाला पदर लावला होता. पदराआडून तिचे खांदे हलत होते. मेहुण्याने मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने शब्द टाकला, “फुडच्या आखाडाला दाजी सोताच्या तोंडानं नळी मागत्यात का न्हाय बगा. न्हाय मागितली तर ही मिशी काढतो.”

मी हसलो. नेहमी हसतो तसाच हसलो. पेंढी उचलून बाजूला ठेवली, कोणीतरी भाकरी आणि शेंगांची चटणी आणून दिली, ती खाल्ली, पाणी प्यायलो. परतताना एसटीत पत्नी म्हणाली, “मस्करी होती हो. मनाला लावून घेऊ नका.” मी खिडकीबाहेर पाहत होतो. ग्रंथालयात एखादे पुस्तक फाडून नेलेले आढळले की मी आरडाओरड करीत नसे. ते कोणी नेले याचा शोध लागेपर्यंत, वर्ष लागले तरी, सोडत नसे. माझ्या स्वभावातला हा भाग सासरच्या माणसांना कधी दिसलेला नव्हता.

पुढचे वर्ष मी त्या हशावर काढले. हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. आम्ही शहराच्या जुळे सोलापूर भागात राहतो. रविवारी सकाळी दहानंतर आमच्या इमारतीच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर वेगळा मसाला खमंग भाजला जात असतो. त्या वासाने जीभ ओली झाली की मी डोळे मिटून ते अंगण आठवत असे. ‘किती लिटर देत्यात रं जावई?’ एवढे आठवले की भूक मेलीच म्हणून समजा. औषधांच्या दुकानात अशी गोळी मिळत नाही.

पत्नीने आधीच सांगून टाकले होते, “एका घरात दोन स्वयंपाक मला जमणार नाहीत. खायचं असेल तर शिका.” मग शिकलो. आयुष्यात चहापलीकडे काही न केलेला माणूस साठीनंतर ओट्याशी उभा राहिला. आधी बुधवारच्या रश्श्याची जागा भरली: त्या दिवशी मटकीची उसळ. ती इतकी कच्ची राहिली की चावताना कानात आवाज येत होता. नंतर रात्रीच्या जेवणात अंबाडी, चाकवत, तांदुळजा अशी एखादी पालेभाजी आणली. अंबाडीत ज्वारीच्या कण्या घालायच्या असतात हे मला माहीत नव्हते. पहिली भाजी इतकी आंबट झाली की मी ती एकट्याने, दात शिवशिवत असताना, संपवली, कारण टाकून दिली असती तर पत्नीने माहेरी फोन केला असता. अंडी बरीच उशिरा सुटली. रविवार सर्वांत शेवटी घ्यायचा ठेवला, तोवर त्या दिवशी नुसती भाकरी-चटणी. तो किल्ला होता.

रविवारसाठी मी बाजार आमटी धरली. आमच्या जिल्ह्यात आठवडी बाजाराच्या दिवशी व्यापारी लोक चार-पाच डाळी एकत्र शिजवून जी झणझणीत आमटी करीत, ती. अडचण एवढीच होती की तिची सारी ऐट तेलात आणि खोबऱ्यात असते, आणि नेमके तेच मला वर्ज्य. तेल काढले की ती वरणासारखी मवाळ होते. जिभेला रस्सा आठवतो आणि ती जास्तच खवळते. कितीतरी रविवार मी त्या वाटणाशी झुंजलो. काय भाजायचे, किती करपू द्यायचे, काय भिजवून वाटायचे, कशाच्या आधी काय घालायचे. शेवटी एका रविवारी ते जमले. तेल चमचाभर, खोबरे अजिबात नाही, तरीही वर लालभडक तवंग आणि घशाला रस्सा प्यायल्यावर बसते तशी उबदार चपराक. पत्नीने आपले ताट बाजूला सारून माझ्या वाटीत भाकरी बुडवली. दुसऱ्यांदा बुडवली.

त्या वाटणात काय आहे, हे मी इथे लिहिणार नाही. मेहुणा वाचत नाही, पण त्याची सून वाचते.

आकडे उतरले. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, दुसरी अर्धी केली. माझे वजन उतरले, पँटला पट्टा लागू लागला, जिना चढताना दम लागेनासा झाला. हे सर्व घेऊन मी पुढच्या आखाडाला गेलो. सोबत माझा डबा होता. नळी मागितली नाही. मेहुण्याची मिशी जागेवर होती. त्याला पैजेची आठवण राहिली नव्हती, निदान त्याने तसे दाखवले. आणि ती करून देण्याचे बळ माझ्या जिभेत नव्हते. उलट त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि आवाज उतरवून विचारले, “दाजी, लई हडकलात की. काय निगालं?”

“काय निघायचे?”

“रिपोर्टात वो.”

आमच्याकडे माणूस बारीक झाला की तो बरा झाला असे कोणी मानत नाही. त्याला काहीतरी लागले आहे असेच मानतात. आठवड्याभरात गावभर झाले की दाजींना ‘तो’ आजार झाला आहे आणि आक्का लपवते आहे. मग माणसे भेटायला येऊ लागली. केळी, बिस्किटांचे पुडे, शहाळी. येऊन सोफ्याच्या कडेवर बसत, माझ्याकडे न पाहता छताकडे पाहत आणि उसासा टाकत. माझ्या त्या चुलत सासऱ्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितले की जे व्हायचे ते होते, पोरांकडे बघून धीर धरावा. मी धडधाकट होतो. आयुष्यात प्रथमच धडधाकट होतो, आणि माझ्या दिवाणखान्यात बसून लोक माझे सुतक धरत होते.

शेवटी मेहुणा स्वतः आला. वायरच्या पिशवीतून एक जिवंत गावठी कोंबडी घेऊन आला. “आक्का, हिचं सूप करून पाज दाजीला. रगत भरंल अंगात. ते गवत खाऊन खाऊन मान्सानं आपल्या हातानं आजार आनलाय बग.” मी त्याच्यासमोर उभा राहून म्हणालो की मी आजारी नाही. त्याने माझ्या खांद्यावर थोपटले. “व्हय व्हय. काय न्हाय तुमाला. बसा तुमी.” मी बसलो. कोंबडी मी कापू दिली नाही, तेव्हा तो तिला परत घेऊन गेला आणि जाताना जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला म्हणाला, “तोंडालाच चव न्हाय वो त्यांच्या.”

कडवळाच्या पेंढीचा राग एका जागी बसला होता. या थोपटण्याचा राग अंगभर पसरला. मला तेव्हाच कळून चुकले की माझे बरे होणे हा सूड पुरा पडणार नाही, कारण त्याला ते दिसतच नव्हते. त्याला माझ्याकडे काहीतरी मागावे लागेल, त्याच्या स्वतःच्या तोंडाने, तेव्हाच ते दिसेल.

त्या हिवाळ्यात शेतातून येताना त्याच्या छातीत कळ आली. सोलापूरच्या एका रुग्णालयात त्याच्या हृदयाच्या वाहिनीत स्प्रिंग बसवली. त्याला घरी सोडले तेव्हा गाव लांब आणि तपासणीला वारंवार यायचे, म्हणून पत्नीने त्याला आमच्या घरी आणले. मला विचारले नाही. मी नाही म्हटले असते असे तिला वाटले असावे. मी नाही म्हटले नसते. खोली झाडून, चादर बदलून मी त्याची वाट पाहत होतो.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितले होते: मटण नाही, तेल-मीठ बेताचे, डाळी-भाज्या भरपूर. मसाला चालेल का, असे कोणी विचारले नव्हते. मी नंतर एकट्याने विचारले. ते म्हणाले, “हो, तेल नको फक्त.” हे मी घरी सांगितले नाही.

त्याचा स्वयंपाक माझ्याकडे आला, कारण असले जेवण घरात मलाच येत होते. मी त्याला उकडलेला दोडका दिला. मुगाचे पाणीदार वरण दिले. दुधी दिला. सगळे पथ्याचे, ताजे, स्वच्छ. आणि चवीला ओल्या कापडासारखे. जेवण त्याच्यापुढे ठेवून मी स्वयंपाकघरात जात असे, माझ्या आमटीला उकळी आणत असे आणि मधले दार उघडे ठेवून जेवत असे. भाकरी मोडल्याचा आवाजही त्याला ऐकू जावा इतके ते घर लहान आहे. पत्नी माझ्याकडे पाहायची. मी ताटाकडे पाहायचो.

वास त्याच्यापर्यंत जात होता. दुधीचा घास हातात धरून तो थांबे, नाकपुड्या फुलत, मग पुन्हा खाली बघे. त्याला ठाऊक होते की ती आमटी आहे, डाळ आहे, म्हणजे त्याच्या भाषेत गवतच आहे. आणि म्हणूनच त्याला ती मागता येत नव्हती. मी घाई केली नाही. एका दुपारी पत्नी मंडईत गेली होती. घरात आम्ही दोघेच. मी जेवायला बसलो आणि पलीकडच्या खोलीतून हाक आली. तो आवाज बांधावरचा नव्हता.

“दाजी.”

“बोला.”

“वाईच द्या की त्यातलं.”

मला स्पष्ट ऐकू आले होते. तरीही मी दारापर्यंत गेलो आणि विचारले, “काय म्हणालात?”

त्याने माझ्याकडे पाहिले. मला वाटते, त्या क्षणी त्याला सगळे आठवले: अंगण, फडके, पेंढी, मिशी. “आमटी,” तो म्हणाला. “आमटी द्या म्हनलं.”

मी वाटी भरून दिली. त्याने भाकरी कुस्करली, कालवली, पहिला घास घेतला आणि थांबला. कपाळावर घाम फुटला. खाली मान घालून त्याने वाटी संपवली, बोटे चाटली आणि रिकामी वाटी पुढे केली. मी पुन्हा भरली. नोकरीची इतकी वर्षे झाली, निरोप समारंभ झाला, शाल मिळाली. पण त्या दुपारइतका मान मला कधी मिळाला नव्हता. हे लिहिताना मला पश्चात्ताप होत नाही, आणि होत आहे असे खोटे लिहिण्याइतका मी सराईत लेखक नाही.

त्यानंतर तो रोज आमटी मागू लागला आणि मी रोज देऊ लागलो. मला तो मरायला नको होता. जिवंत, शुद्धीवर आणि भुकेला असा हवा होता. महिन्याभरात त्याचा रंग सुधारला. घरी निघायच्या दिवशी पिशवी भरून झाल्यावर तो ओट्यापाशी आला.

“दाजी, ते वाटान कसं करताव तेवडं सांगा की. घरी करायला लावतो.”

पत्नी शेजारी उभी होती. त्याला न्यायला आलेली त्याची सून फोनवर लिहून घ्यायला तयार होती. मी हात पुसले आणि म्हणालो, “सांगता येणार नाही. रविवारी येत चला. जेवून जात चला.”

त्याला ते आधी आग्रहाचे बोलावणे वाटले. तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याला कळले.

तेव्हापासून तो दर रविवारी मोटारसायकलवर मोहोळकडून येतो. दारात चपला काढतो. बेल वाजवतो. मी आत असतो, बेल मला ऐकू येते, आणि मी हातातले वर्तमानपत्राचे पान पूर्ण वाचून मग उठतो. दार उघडल्यावर तो विचारतो, “दाजी, हाय का आमटी?” हे विचारणे मी त्याला सक्तीचे केलेले नाही, पण तो विचारेपर्यंत मी ‘या’ म्हणत नाही. जेवताना तो ओळखायचा प्रयत्न करतो.

“जवस हाय का ह्यात?”

“जेवा.”

“कारळं?”

“गार होते आहे.”

“आवो, मान्सानं येवडं आतल्या गाठीचं आसू ने, दाजी. हुलगं भाजून घालताव. व्हय का न्हाय?”

“आणखी वाढू का?”

घरी त्याच्या बायकोने आणि सुनेने परोपरीने करून पाहिले. जमले नाही. तेल कमी घातले की मवाळ होते, आणि जास्त घालायची सोय नाही. म्हणून सहा दिवस तो वरण आणि उकडलेली भाजी नाक मुरडत खातो आणि सातव्या दिवसाची वाट पाहतो. डॉक्टर त्याच्यावर खूश होते. माझ्यावर तर होतेच.

पत्नीने पहिल्यापासून हे मनाविरुद्ध सोसले. “झाली ना मस्करी फेडून? आता सांगून टाका,” असे ती म्हणायची. मी म्हणायचो की मस्करी तिच्या मते होती. माझ्या मते ती काय होती हे तिने मला त्या दिवशी एसटीत विचारले नाही, किंवा पदराआड हसताना अंगणातही विचारले नाही. ती ओट्याकडे वळायची.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो आला नाही. मी आमटी करून बसलो होतो. भावकीत कुणाच्या नातवाचे जावळ होते, बोकड कापले होते. तिथे त्याने पीस घेतला नाही. नुसता रस्सा घेतला. सोमवारीही उरलेला घेतला, आणि मंगळवारीही. बुधवारी पहाटे छाती आवळून आली म्हणून त्याला पुन्हा सोलापूरला आणले. या वेळी स्प्रिंग टाकावी लागली नाही, पण डॉक्टरांनी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितले की पुढच्या वेळी इथवर पोचेल याची खात्री नाही.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात पत्नी माझ्याजवळ आली. ती रडत नव्हती.

“घरी ती आमटी मिळत असती तर तो तिकडं गेला नसता.”

“मी त्याला रस्सा वाढला नाही.”

“नाही वाढला. पण सहा दिवस त्याच्या तोंडाला चव राहू दिली नाही तुम्ही.”

मी म्हणालो की चव नसताना मीही कितीतरी महिने राहिलो होतो, आणि तेव्हा माझ्यापुढे वाटी घेऊन कोणी आले नव्हते. मी हे शांतपणे म्हणालो, आणि ते खरे आहे. तिने ते ऐकून घेतले. मग म्हणाली, “तो मेला, तर मग रविवारी दार कुणाला उघडणार आहात?”

घरी येताना रिक्षातही तो प्रश्न सोबत होता, आणि अजूनही आहे. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलते. मुलगा पुण्याहून फोन करून म्हणतो, “बाबा, पुरे आता.” सगळ्यांचे म्हणणे एकच आहे आणि ते समजण्याइतका मी शिकलेला आहे. पण त्या अंगणात बसलेल्यांपैकी एकानेही आजवर मला असे म्हटलेले नाही की ते चुकले. मेहुण्यानेही नाही. तो आमटी मागतो. ती गोष्ट तो काढत नाही. मी सांगून टाकले तर त्याच्या घरी रोज आमटी होईल, तो बरा राहील, रविवारी येणे बंद होईल, आणि सारे पूर्ववत होईल. म्हणजे तो पुन्हा बांधावरून बोलेल आणि मी पुन्हा हसून घेईन. नाही सांगितले तर कधीतरी एखादे जावळ, एखादे लग्न पुन्हा येईलच.

परवा तो घरी परतला. काल त्याचा फोन आला. आवाज बारीक होता, पण म्हणाला की येत्या रविवारी पोरगा गाडीवर मागे बसवून आणणार आहे, आमटी करून ठेवा. डाळी भिजत घालायला अजून दोन दिवस आहेत. वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता, तर त्याला ते वाटण सांगितले असते का?